पळणाऱ्या गाडीचा विचार झाला, उभ्या गाडीचा?

नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात २००७ पासून लोगन बनू लागली, तिचीच पुढे व्हेरिटो झाली आणि २०१६ मध्ये व्हेरिटोची विजेरी आवृत्ती बाजारात आली. २०२३ च्या जानेवारीत विजेवर चालणारी एक्सयूव्ही ४०० विक्रीला आली, तीही नाशिकचीच. मधल्या सात वर्षांत बोलबाला राहिला तो एका चार्जमध्ये गाडी किती पळते याचा. उतारावर ती थांबून कशी राहणार आणि बंद पडली तर ओढून कशी न्यायची, हे प्रश्न मागे पडले. कसारा घाटात डिझेल गाडी उभी करणारा चालक हँडब्रेक ओढतो आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवतो. सिलिंडरमधला दाब चाकांना अडवतो. विजेच्या मोटरीत असा दाब नाही. तिथे गिअरच्या दात्यांत अडकणारा लोखंडी खटका मुद्दाम बसवावा लागतो. २०२० च्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या गोल नॉबवर आर, एन, डी, एस एवढीच अक्षरे होती, हा खटका अडकवणारा पी नव्हता. भिस्त सगळी हँडब्रेकच्या दांड्यावर.

हँडब्रेक पुरेसा आहे, असे कोणी म्हणेल. सपाटीवर आहेच, पण त्याची केबल सैल होते, चालक विसरतो, आणि पूर्वी गिअरचा जो दुसरा आधार असे तो इथे उरत नाही. मोटरच गाडी धरून ठेवेल, हेही खरे नाही: त्यासाठी सतत प्रवाह लागतो, मोटर तापते आणि गाडी बंद करताच पकड सुटते. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. खटका विजेवर चालणारा असेल आणि बारा व्होल्टची बॅटरी उतरली, तर गाडी जागची हलत नाही. म्हणून खटका नकोच, असे ठरत नाही. तो हाताने सोडवायची सोय हवी, एवढेच ठरते.

ओढून नेण्याचे दुखणे तर मोटर बदलल्याने वाढले. ई-व्हेरिटोची इंडक्शन मोटर वीज नसताना नुसती फिरते. एक्सयूव्ही ४०० च्या मोटरीत कायमचुंबक आहेत. गाडी ओढताना चाके फिरली की ती नको असलेली वीज बनवू लागते. न्यूट्रलमध्ये टाकूनही हे थांबत नाही: न्यूट्रल ही इन्व्हर्टरला, म्हणजे मोटरीला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेला, दिलेली सूचना असते, दाते गुंतलेलेच राहतात. मोटर चाकांपासून खरोखर सुटी करणारी यंत्रणा किया ईव्ही६ च्या चारही चाकांवर चालणाऱ्या प्रकारात पुढच्या आसाला आहे, पण तीही पल्ला वाढावा म्हणून. मागची मोटर जोडलेलीच असते. त्यामुळे इगतपुरीजवळ अडकलेल्या अशा गाडीला दोर बांधून ओढण्यापेक्षा चारही चाके उचलणारा फ्लॅटबेड बोलवावा, आणि उतारावर थांबताना आधी हँडब्रेक ओढून मगच पी दाबावा, म्हणजे गाडीचा भार त्या एका खटक्यावर पडत नाही.