केशरोपणानंतर धूम्रपान, मद्यपान का टाळावे?

बंगळुरू : केशरोपणाची शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते, तिचे यश मात्र पुढच्या काही दिवसांवर अवलंबून असते. डोक्याच्या मागील भागातून काढून टकलावर रोवलेल्या केसमुळांना सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडल्या जाईपर्यंत ती भोवतालच्या ऊतींतून मिळणाऱ्या प्राणवायूवर तगतात. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तर धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्तातील प्राणवायू घटतो. कर्नाटकाने २०२४ मध्ये बंदी घातलेला हुक्काही यास अपवाद नाही. मद्यामुळे रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. वेदनाशामक औषधांसोबत ते घातकही ठरू शकते. रोपणासाठी काढता येणारे केस मर्यादित असल्याने दगावलेल्या मुळांची भरपाई अवघड असते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना व्यसनाची खरी माहिती देऊन पथ्याचा कालावधी ठरवून घेणे हिताचे ठरते.