गाडीवरची गाडी

सूतगिरणी चौकात संध्याकाळच्या गर्दीत गाडी बंद पडली, की पहिला माणूस बॉनेट उघडायला सांगतो, दुसरा धक्का मारायला येतो आणि तिसरा क्रेनवाल्याचा नंबर देतो. काही वर्षांपूर्वी मी तिसऱ्याचं ऐकलं. क्रेनवाल्याने माझ्या ऑटोमॅटिक गाडीची मागची चाकं उचलली आणि पुढच्या चाकांवर तिला गारखेड्यातून थेट वाळूजच्या वर्कशॉपपर्यंत फरफटत नेलं. निघताना फक्त बॅटरी गेली होती, पोचलो तेव्हा गिअरबॉक्सही गेला होता. इंजिन बंद असलं की अशा गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फिरत नाही. चाकं मात्र आतली यंत्रणा फिरवत राहतात, आणि ती कोरडीच घासते. क्रेनवाल्याला आणि मला, दोघांनाही हे ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून गाड्या वाहणाऱ्या गाड्यांकडे मी जरा जास्तच बघतो. बघायला आमचं छत्रपती संभाजीनगर शहर चांगलं आहे. 2001 साली शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली, पुढे ऑडीही तिथंच जुळवली जाऊ लागली. 2010 च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची चर्चा देशभर झाली. एका ट्रेलरवर गाड्यांच्या आकारानुसार सहा ते आठ गाड्या बसतात. म्हणजे आठाच्या हिशेबानेही त्या दीडशे गाड्यांना एकोणीस ट्रेलर लागले असते. जालना रोडवर नुसती रांग!

हा ट्रेलर दोन तुकड्यांचा असतो. पुढे ओढणारा ‘घोडा’, मागे दुमजली सांगाडा. कायद्याने त्याची उंची 4.75 मीटरपर्यंत चालते. पण विजेच्या तारांखालच्या रेल्वे फाटकावर जी आडवी तुळई लावतात, ती असते 4.67 मीटरवर. एका सरकारी आकड्यात बसणारी गाडी दुसऱ्या सरकारी आकड्यात अडकते, ती अशी. म्हणून जुना चालक आधी वरच्या गाडीचं टप रस्त्यापासून किती उंच आलं ते मोजतो आणि मग रस्ता ठरवतो. केबलच्या लोंबत्या वायरी आणि लिंबाच्या फांद्या कुठल्याच कागदावर नसतात, त्या त्याच्या डोक्यात असतात. गारखेड्याच्या गल्ल्यांत तर तो शिरतच नाही.

पण माझ्या मते खरी मेख उंचीत नाही, वजन कुठं बसवलं यात आहे. आपल्याकडे हे सांगायला नवा शब्द शोधावा लागत नाही. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की धुरा वर उचलल्या जातात, त्याला ‘उलाळ’ म्हणतात. फार पुढे भरला तर बैलांच्या मानेवर जू रुततं. मोटारीच्या मागे जोडायच्या छोट्या ट्रेलरचंही तेच. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीवर पडला पाहिजे. तो कमी पडला की ट्रेलर उलाळ होतो आणि वेग वाढताच शेपटासारखा झोके घेऊ लागतो. अशा वेळी करकचून ब्रेक मारला किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं तर खेळ संपला. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर तेवढाच हलका दाबायचा. म्हणून वर चढवलेली गाडी दोन-चार बोटं पुढे-मागे सरकवणं हा फालतू कीस नव्हे.

ट्रेलर घेताना लोक विचारतात, माझी गाडी एवढं ओढेल का? ओढेल हो, थांबवेल का ते विचारा. वरची गाडी आणि ट्रेलरचं स्वतःचं वजन यांची बेरीज करायची, ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा बघायची आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत. ट्रेलरची नोंदणी वेगळी, नंबरप्लेटही वेगळी. मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं. उसाची ट्रॉली मागे घेणाऱ्या पोराला ते शिकवावं लागत नाही.

बंद गाडी न्यायची तर सपाट पाठीचा ट्रक मागवा, चारही चाकं वर घेणारा. ऑटोमॅटिकला तो बरा, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला आणि इलेक्ट्रिकला तर तोच हवा. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फरफटत फिरली की मोटर वीज तयार करू लागते, आणि ती भलतीकडे जाते.

परवा शेंद्र्याकडून जालन्याच्या दिशेने निघालेला एक भरलेला ट्रेलर करमाडच्या पुढे धाब्यावर थांबलेला दिसला. पट्टे गाड्यांच्या चेसिसला नव्हते, टायरांवरून घेतले होते. चेसिस बांधली की खड्ड्यागणिक गाडी स्प्रिंगवर दबते आणि पट्टा ढिला होतो. चाक बांधलं की वरचा डोलारा हवा तेवढा हलो. चाकांना पुढून-मागून उट्या होत्या. निघून वीसेक मिनिटंच झाली असावीत, पण चालक चहा सांगण्याआधी खालच्या मजल्याभोवती फिरला. प्रत्येक पट्ट्यावर त्याने हाताची कड आपटली. तिसरा पट्टा बद्द वाजला. त्याने रॅचेटचा दांडा ओढला, दोनदा कट्-कट् झालं. पुन्हा आपटून पाहिलं, आणि मग शिडीने तो वरच्या मजल्यावर चढला.