शिवलेली कंडरा आणि चुंबकाची साक्ष

सोलापुरात यंत्रमागावर उभा राहणारा कामगार असो, नाहीतर परांचीवर चढून भिंती रंगवणारा रंगारी, हात वर धरून वर्षानुवर्षे राबणाऱ्याच्या खांद्यात एक कंडरा फार सोसते. तिचे नाव सुप्रास्पायनेटस. ती हाडापासून सुटली की दुर्बिणीतून ऑपरेशन करतात, हाडात बारीक अँकर बसवून टाक्यांनी तिला परत जागेवर आणतात. पण जोडलेली कंडरा हाडाला धरली की नाही, हे बाहेरून हात लावून नक्की सांगता येत नाही.

फाटलेली ही कंडरा शिवल्याची हकिकत बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ मध्येच छापली होती. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक रुग्णाला वर्षाने पुन्हा तपासा, असा त्यांचा हट्ट होता आणि त्यापायी त्यांनी सहकाऱ्यांचा रोषही ओढवून घेतला. शिवलेली कंडरा थेट दाखवणारे एमआरआय मात्र त्यांच्या हयातीत निघाले नाही. पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून चित्र काढण्याची रीत मांडली ती १९७३ मध्ये.

आज सर्रास वापरले जाणारे एमआरआय यंत्र १.५ टेस्ला ताकदीचे असते. सोलापुरात होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाहून हे बळ तीस हजारांहून जास्त पटींनी अधिक आहे. हे यंत्र शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनकडून संदेश मिळवते. गंमत अशी, की निरोगी कंडरेतले पाणी कोलॅजनच्या तंतूंना इतके घट्ट बांधलेले असते, की त्याचा संदेश टिपण्याआधीच विरतो. म्हणून चांगली कंडरा चित्रात काळीकुट्ट दिसते. फाटलेल्या जागी द्रव साचतो आणि तिथे पांढरे उमटते.

यात एक चकवा आहे. कोलॅजनचे तंतू मागावरच्या ताण्यासारखे एका दिशेने ओढलेले असतात. ही दिशा चुंबकक्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करू लागली, की धडधाकट कंडराही उजळ दिसते. सुप्रास्पायनेटस हाडाला चिकटण्याआधी वळते आणि हा कोन नेमका तिथेच जुळतो. ती फाटतेही बहुधा त्याच भागात! असे उजळ ठिपके दिसले, की रेडिओलॉजिस्ट संदेश उशिरा टिपलेली टी-२ चित्रे काढून पाहतात. चकवा असेल तर त्यांत तो मावळतो. धातूचे अँकर भोवतालचे चित्र बिघडवतात, ती डोकेदुखी वेगळीच.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतली चित्रे तर वाचायला फारच अवघड. भरून येणाऱ्या ऊतीत पाणी जास्त असते, त्यामुळे टाके धरलेले असले तरी कंडरा उजळ दिसते. काळेपणा हळूहळू परततो, त्याला वर्षही लागते. घाईने काढलेला एमआरआय रुग्णाला उगाच घाबरवतो, असे माझे मत आहे.

जपानचे हिरोयुकी सुगाया यांनी या चित्रांच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिलीत कंडरा पुरेशी जाड आणि एकसारखी काळी, दुसरीत जाडी पुरेशी पण मधे उजळपणा, तिसरीत जाडी निम्म्याहून कमी, तरी सलग. चौथीत लहान खंड, पाचवीत मोठा. चौथी-पाचवी म्हणजे कंडरा पुन्हा सुटली.

तरीही रिपोर्ट आणि रुग्ण यांचे नेहमी जमतेच असे नाही. २००४ मध्ये अमेरिकेत लीसा गॅलाट्झ आणि सहकाऱ्यांनी मोठ्या फाटीचे १८ खांदे ऑपरेशननंतर सोनोग्राफीने तपासले. १७ खांद्यांत कंडरा पुन्हा सुटलेली आढळली, पण बहुतेकांच्या वेदना कमी झाल्या होत्या आणि हात वर जात होता. म्हणून चित्रात खंड दिसला, पण हात दुखत नाही आणि कामही चालते, अशा रुग्णाला सर्जन सहसा पुन्हा टेबलावर घेत नाहीत.