शुगर नॉर्मल, तरी हृदयाला धोका? इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे नेमकं काय?

नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार म्हटलं की आधी त्यांच्या पदव्या आठवतात. पण अनेक मराठी घरांत ते आणखी एका गोष्टीमुळे लक्षात राहिले. ‘दिवसातून दोनदाच जेवा, मधेमधे खाऊ नका’ हा सल्ला आणि त्यामागचं इन्सुलिनचं गणित ते व्याख्यानांतून समजावून सांगायचे. २ जून २००४ रोजी कोंढाळीजवळ अपघातात त्यांचं निधन झालं. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हाच विचार राज्यभर नेला.

त्यामुळे ‘इन्सुलिन’ हा शब्द ओळखीचा झाला. पण तो अजूनही फक्त डायबेटिसशीच जोडला जातो. खरं तर हा विषय हृदयाचाही आहे.

नेमकं बिघडतं काय?

जेवल्यावर रक्तातली साखर वाढते. ती पेशींमध्ये जावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. पोटात आणि यकृतात चरबी साठली, हालचाल कमी झाली की शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग तेवढ्याच साखरेसाठी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. हे त्याला जमतंय तोवर रिपोर्टमध्ये शुगर नॉर्मलच दिसते. यात अनेक वर्षं निघून जाऊ शकतात.

रक्तवाहिन्यांवर परिणाम कसा होतो?

या काळात यकृत रक्तात जास्त ट्रायग्लिसराइड सोडतं आणि ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी होतं. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, त्या नीट सैलावत नाहीत आणि बीपी वाढायला मदत होते. ही सगळी लक्षणं एकत्र का येतात, हे अमेरिकेतले डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये मांडलं. आज याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

‘मी तर बारीक आहे!’

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीय माणूस बारीक दिसला तरी आत चरबी असू शकते. म्हणून फक्त वजनकाट्यावर विसंबून चालत नाही.

मग काय तपासायचं?

- कंबर: पुरुषांत ९० सेंटीमीटर, स्त्रियांत ८० सेंटीमीटर किंवा जास्त
- ट्रायग्लिसराइड: १५० किंवा जास्त
- एचडीएल: पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी
- बीपी: १३०/८५ किंवा जास्त
- उपाशीपोटी शुगर: १०० किंवा जास्त

पाचपैकी तीन गोष्टी जुळल्या तर डॉक्टरांना भेटा. मानेवर किंवा काखेत मखमली काळपटपणा आला असेल, तर तो मळ समजून घासत बसू नका. तोही इन्सुलिन रेझिस्टन्सचा इशारा असू शकतो.

जिना चढताना छातीवर दाब येणं, नेहमीच्या कामात दम लागणं, चालताना पोटरी दुखणं आणि थांबल्यावर बरं वाटणं या तक्रारी रक्तवाहिन्या अरुंद झाल्याच्या असू शकतात. बसल्या जागी छातीत दाब येऊन घाम फुटला, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा.

हे मागे फिरवता येतं का?

बऱ्याच अंशी हो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोन उद्दिष्टं दिली होती: वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

दोनदा जेवण्याचं काय? त्यामुळे खाणं आणि वजन कमी होत असेल, तर फायदा होऊ शकतो. पण तर्री-पोहे सोडून दोन्ही जेवणांत भात-साखर दुप्पट झाली, तर उपयोग नाही. आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना न विचारता जेवण टाळू नका. शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

सुरुवात मात्र आजच करता येईल. शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि घरातल्या सगळ्यांची कंबर मोजा.