पाठ टेकल्यानंतर

आमच्या भागात कुस्तीचा निकाल लांबूनही दिसतो. ढाणकी असो, उमरखेड असो की पैनगंगेपलीकडचं हदगाव, दंगलीत गड्याची पाठ मातीला लागली की डफडं घुमतं आणि कुस्ती संपते. हे बघतच मोठा झालो. पाठ लागली म्हणजे हरलो, हे कुणी शिकवावं लागलं नाही, ते हाडात मुरलं होतं. पुढे पुण्यात नोकरी करताना ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वर्गाला जाऊ लागलो, तर तिथे सुरुवातच पाठीवर पडून.

खाली पडलेला माणूस दोन्ही पायांनी वरच्याची कंबर कवळतो, मनगट आणि गळपट्टी धरतो, त्याचा तोल मोडतो. याला गार्ड म्हणतात. इथून हात पिरगाळता येतो, गळा आवळता येतो, उलटवून वर येता येतं. डोक्याला हे पटकन पटतं, अंगाला पटत नाही. मातीतून आलेल्या प्रत्येकाचं एकच होतं: पाठ टेकायला आली की अंग आपसूक पोटावर वळतं. कुस्तीत या सवयीने वाचवलेलं असतं. जिउ-जित्सूत तीच सवय पाठ समोरच्याच्या हवाली करते आणि मागून त्याचा हात गळ्याभोवती येतो. गेल्या काही वर्षांत मी सर्वांत जास्त काय शिकलो असेन तर हे वळणं थांबवायला. छातीवर कुणाचं तरी सगळं वजन आहे, श्वास अपुरा पडतोय, आणि तरी धडपड न करता कोपर आत घ्यायचं, कुशीवर व्हायचं, गुडघा सरकवायला जागा करायची. हे डावाच्या आधीचं शिक्षण आहे, आणि मला ते डावांपेक्षा मोलाचं वाटतं.

या विद्येचा उगमही कमी वजनाच्या माणसाच्या अडचणीत आहे. जपानी ज्यूदोपटू मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला पोहोचला. माएदाकडून कार्लोस ग्रेसी शिकला, त्याच्या घरात ही विद्या वाढली, आणि किरकोळ अंगाच्या एलियो ग्रेसीने जमिनीवरच्या झुंजीवर भर दिला. 1951 मध्ये रिओच्या माराकाना मैदानात जपानच्या मासाहिको किमुराने एलियोचा हात असा पिरगाळला की हाड मोडलं. एलियोने हार कबूल केली नाही, शेवटी भाऊ कार्लोसने टॉवेल टाकला. तो डाव आज जगभर ‘किमुरा’ म्हणून शिकवला जातो. हरवणाऱ्याचं नाव हरलेल्यांच्या घराण्याने जपलं, याचा मला फार आदर वाटतो. मात्र एलियोसारखं हात मोडेपर्यंत थांबणं कुठल्याही नवशिक्याला शिकवू नये.

त्यासाठीच टॅप आहे. डाव बसला की समोरच्याच्या अंगावर थाप द्यायची, तो तत्क्षणी सोडतो, हात मिळवून दोघं पुन्हा सुरू. जत्रेतल्या दंगलीत पोराला एखादी जोड मिळते, त्या हारेची चर्चा पुढच्या जत्रेपर्यंत चालते. मॅटवर एका संध्याकाळी कितीदा तरी हरता येतं आणि कुणी मोजत नाही. म्हणून चाळिशीतला माणूस कॉलेजच्या पोराशी पूर्ण ताकदीने भिडू शकतो. घाईला इथे जागा नाही: निळ्या पट्ट्यावरून जांभळ्यावर जायलाच आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने किमान 2 वर्षं लागतात.

परके नियम शिकून घेणं आपल्या मातीला नवं नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. तिथे त्यांच्या गटाचं सुवर्ण जिंकणारा शोहाची इशी मूळचा ज्यूदोपटू होता.

उभ्याने लढण्यात मात्र आपली कुस्ती कितीतरी पुढे आहे. जिउ-जित्सूच्या स्पर्धांत खेळाडू सरळ खाली बसून गार्ड घेतात, ते मला आजही पटत नाही. एकेरी पट आणि ढाक हे डाव नीट बसवलेला आमच्याकडचा पोरगा शहरातल्या बहुतेक वर्गांत कुणालाही खाली घेईल. अडचण खाली घेतल्यानंतरची आहे.

आता गावी असतो तेव्हा सराव करणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो की पाठ लागली तरी जोड सोडू नका, आणखी दोन मिनिटं खालून लढा. जुन्या पहेलवानांना हे मान्य नाही. पोरांची पाठ वाचवायची सवय जाईल आणि खऱ्या दंगलीत ती चीत होतील, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. म्हणून जत्रेचे महिने सोडून, पावसाळ्यात, आठवड्यातला एक दिवस यासाठी वेगळा ठेवावा, असं आमचं सध्या बोलणं चाललंय.