जाळी उभी, झाड कुठं?

मंडळी, उन्हाळ्यातल्या एखाद्या सकाळी आपल्या भागातल्या नव्या वसाहतीतून फेरफटका मारा. वाशीम असो, रिसोड असो की कारंजा, ले-आऊटमधल्या मोकळ्या जागेत लोखंडी जाळ्या रांगेनं उभ्या दिसतात. जाळीवर देणगीदाराचं नाव ठळक असतं. आत डोकावलं, तर वाळलेली काडी आणि वेफर्सची रिकामी पाकिटं. रोप लावलं होतं यात शंका नाही, फोटोही निघाला होता.

आपला जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. योगायोग असा, की २०१६ साली त्याच तारखेला राज्यात दोन कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. उद्दिष्ट वाढत वाढत २०१९ मध्ये तेहतीस कोटींवर गेलं. जुलैच्या पहिल्या आठवड्याला वनमहोत्सवाची परंपरा तर १९५० पासूनची. मुहूर्त चुकीचा नाही, पावसात रोप लवकर धरतं. पण झाडाचा निकाल जुलैत लागत नाही. तो लागतो एप्रिल-मे महिन्यांत, आणि तोही सलग तीन वर्षं.

एक साधा हिशेब मांडू. शहरात हजार रोपं लावली. पाऊस संपल्यावर प्रत्येकाला आठवड्याला वीस लिटर पाणी धरलं, तर वीस हजार लिटर होतात. म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरच्या चार खेपा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढच्या पावसापर्यंत तीस आठवडे धरले, तर एकशेवीस खेपा. हे फक्त पहिल्या वर्षाचं. शिवाय वाशीम शहराला पिण्याचं पाणी येतं ते एकबुर्जी धरणातून. तेच पाणी मे महिन्यात झाडांना घालायचं म्हटलं, तर नळावर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया काय म्हणतील? म्हणून आधी वापरात नसलेल्या विहिरी, सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळणारं पाणी, याची तजवीज करावी, आणि जितक्या झाडांना ते पुरेल तितकेच खड्डे खणावेत. दोनशे जगली, तर ती हजार मेलेल्यांपेक्षा बरी. पण दोनशेच्या आकड्याची बातमी होत नाही, ही खरी अडचण आहे.

खड्ड्याचंही शास्त्र आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांमध्ये कोवळी मुळं तुटतात, ओलही उडून जाते. म्हणून खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा, मातीत थोडा मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळावं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन द्यावं. बगिच्यातला पाला जाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

झाड कोणतं? कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, आणि तळ्याकाठी अर्जुन. गुलमोहर दिसायला देखणा, पण तो मूळचा मादागास्करचा आणि वादळात त्याची फांदी पटकन मोडते. झटपट हिरवं दिसावं म्हणून कोनोकार्पसच्या मोहात तर पडूच नये. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली.

आणि जी झाडं आज उभी आहेत, त्यांचं काय? नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे आणि तो नगरपरिषदांनाही लागू आहे. वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी वृक्षगणना, तोडण्याआधी परवानगी, हे सारं त्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावायची, अशी अटही घातली. तोडण्यावर असा अंकुश आहे, पण झाड न तोडताही मारता येतं. रस्त्याकडेच्या निंबाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा पेव्हिंग ब्लॉक बसवले, की मुळांना ना पाणी, ना हवा. दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढायला सांगितलं होतं. ते काम कुदळ-पहारीनं दिवसभरात होतं.

जुन्या बगिच्यांचंही तसंच. दुरुस्ती म्हटलं की कारंजं, रंगीत दिवे आणि फरशीच आधी सुचते. माळ्याचा पगार मात्र अंदाजपत्रकात शेवटी आठवतो. नगरपरिषदेला एकच विचारावं: मागच्या वर्षी लावलेल्यांपैकी आज जिवंत किती?

आमच्या रस्त्यावरच्या एका रांगेत तीनच झाडं तगली. एक हातपंपापाशी, दुसरं रसवंतीसमोर, तिसरं चहाच्या टपरीला लागून. टपरीवाले काका ग्लास विसळलेलं पाणी रोज त्या करंजाच्या बुडाशी ओततात. आता त्यांचं बाकडं त्याच्याच सावलीत असतं. पुढच्या जुलैसाठी खड्डे आखण्याआधी शहरातल्या अशा जागांची यादी करता येईल.