उपचार कोणावर?

(बी. ए. भाग २)

शरीराच्या दुखण्याला औषध असते, हे आता खेड्यापाड्यांतही पटले आहे. ताप आला तर माणूस डोणगावात डॉक्टरकडे जातो, मोठे दुखणे असले तर मेहकर गाठतो. पण मन दुखले तर? आपल्या बुलढाणा जिल्ह्यात अशा वेळी पुष्कळजण सैलानीची वाट धरतात, आणि मानसोपचारतज्ज्ञाला 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून मोकळे होतात. अशा वातावरणात एखाद्या मुलाचे मन मुलांकडेच ओढ घेत असेल, एखाद्या मुलीला मुलीबद्दल प्रेम वाटत असेल, किंवा मुलाचा देह असूनही 'आपण मुलगी आहोत' असे कोणाला आतून जाणवत असेल, तर त्याने कोणाकडे जावे? या प्रश्नाचा येथे थोडा विचार करू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट व्हावी. हा आजार नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तेच केले. आपल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही २०१८ साली तसे जाहीर केले, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. त्याआधी २०१४ साली याच न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला होता.

यावर कोणी विचारील, आजारच नाही तर डॉक्टर कशाला? शंका रास्त आहे. पायाला काटा बोचतो तेव्हा पाय रोगी नसतो, पण वेदना खरी असते. शाळेत 'बायल्या' म्हणून हिणवले जाणे, पारावर चेष्टा होणे, घरी कळेल या भीतीने प्रत्येक शब्द तोलून बोलणे, हे सारे वर्षानुवर्षे सोसले की झोप उडते, अभ्यासातून लक्ष जाते, जगणे नकोसे वाटू लागते. संशोधक इलान मेयर यांनी २००३ साली याची मांडणी केली. बहुसंख्यांहून वेगळे असल्यामुळे जो जादा ताण सोसावा लागतो, त्यातून हे त्रास उपजतात, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे दुखण्याचे मूळ मुलाच्या प्रेमात नसून भोवतालच्या वागणुकीत आहे.

दुर्दैवाने पुष्कळ काळ उपचार मुळावर न होता मुलावरच झाले. विजेचे झटके, औषधे, 'लग्न करून टाका, सगळे ठीक होईल' असा सल्ला, हे प्रकार जगभर झाले व आपल्याकडेही झाले. मुंबई-पुण्यातील अशा 'बदलण्याच्या' उपचारांचा अभ्यास के. रानडे यांनी केला असून तो २००९ साली पुढे आला. अशा उपचारांनी ओढ बदलत नाही. माणूस मात्र स्वतःचा तिरस्कार करू लागतो.

याच्या उलट जी पद्धत आहे तिला आपण स्वीकारशील समुपदेशन म्हणू. 'माझ्याकडे सगळे सारखेच' असे म्हणणारा समुपदेशक चांगला खरा, पण तेवढ्याने भागत नाही. कारण तो सहज विचारून जातो, 'मग मुलगी कधी पाहायची?' आणि समोरचा पुन्हा मिटून जातो. स्वीकारशील समुपदेशक मुलाला त्याच्या ओढीबद्दल जाब विचारत नाही. 'तू जसा आहेस तसा ठीक आहेस' या पायावर तो बोलणे सुरू करतो.

समजा, बावीस वर्षांच्या मुलासाठी घरी सोयरीक पाहणे चालू आहे आणि त्याची झोप उडाली आहे. समुपदेशक त्याचे बोलणे गुप्त ठेवील. घरी लगेच सांगून टाक, असा आग्रह धरणार नाही. कारण शेतीवर व घरावर अवलंबून असलेल्या मुलाला घराबाहेर काढले तर तो कोठे जाणार? कोणाला सांगणे सुरक्षित, केव्हा सांगावे, पायावर उभे राहीपर्यंत लग्न कसे लांबवावे, याचा तो मुलाबरोबर विचार करील. नैराश्य असेल तर त्याचे औषधही मिळेल, पण ते नैराश्याचे, प्रेमाचे नव्हे. मुलाची तयारी असेल तर आईवडिलांशीही बोलेल, कारण 'आमचे काय चुकले?' हा प्रश्न त्यांनाही जाळत असतो. जबरदस्तीच्या लग्नात एका अजाण मुलीचेही आयुष्य पणाला लागते, हेही विसरून चालणार नाही.

या कामाला शिक्षण लागते. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांसाठी असा अभ्यासक्रम चालविते. शिकण्यात कमीपणा कसा नसतो, याचे सुंदर उदाहरण मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांचे. दोन तरुणींच्या प्रकरणात, २०२१ साली, हा विषय समजून घेण्यासाठी ते स्वतः मानसशास्त्रज्ञांपुढे बसले, आणि मगच त्यांनी 'बदलण्याच्या' उपचारांवर बंदीचा आदेश दिला. त्यानंतर २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

तथापि कायदा दिल्लीत होतो आणि मुलगा गावात असतो. त्याला निदान एक दार उघडे आहे. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो व मराठीतही बोलता येते. फोनवरचा माणूस मनासारखा भेटला नाही तर पुन्हा प्रयत्न करावा, आणि 'बदलून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या १९८१ सालच्या नाटकात सुमित्राला मुलीबद्दल प्रेम वाटते. तिचे ऐकून घेणारा कॉलेजातला एक मित्र, बापू, तिला असतो, तरी नाटकाचा शेवट तिच्या आत्महत्येत होतो. एकट्या बापूच्या बळावर माणूस तरत नाही. त्याला जाणते समुपदेशक, शहाणे आईवडील आणि जीभ आवरणारा गाव हवा. पण बापूच नसेल तर पुढचे काही घडतच नाही. आपल्या वर्गात, आपल्या एस. टी.त, आपल्या बाकावर कोणीतरी आज गप्प बसलेला असू शकेल. समुपदेशक होणे सर्वांना जमणार नाही. चेष्टा न करणे, ऐकून घेणे आणि ऐकलेले पोटात ठेवणे मात्र आपणा प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.